निवृत्तीनंतर हवा कोठली? कोकणातले घर आणि पुण्यातला फ्लॅट

निवृत्तीला दोन-तीन वर्षे उरली की आपल्या घरांत एक चर्चा सुरू होते. मुंबईत नोकरी केलेला म्हणतो, आता ही घामाची चिकचिक नको, पुण्याला जाऊ. आखातातून परतणारा म्हणतो, गावात घर बांधून ठेवले आहे, तिथेच राहू. मुले म्हणतात, आमच्याजवळ राहा. या सगळ्यात 'हवा' हा शब्द दर दोन वाक्यांनी येतो. पुण्याची हवा चांगली, कोकणातली हवा शुद्ध, सोलापूरची हवा कोरडी. पण चांगली म्हणजे काय, कोणत्या महिन्यात चांगली आणि कोणाच्या शरीराला चांगली, हे सहसा कोणी विचारत नाही. जागेचा दर, सातबारा, सोसायटीचा मेंटेनन्स यांची चौकशी महिनोन्महिने चालते. ज्या हवेत पुढची वीस वर्षे श्वास घ्यायचा, तिची चौकशी मात्र एका रविवारच्या फेरीत उरकते.

गेले वर्षभर ही चर्चा आमच्याही नात्यात चालू आहे. आमचे मोठे मामू २९ वर्षे कुवेतमध्ये होते. दापोली तालुक्यात खाडीकाठच्या गावी त्यांनी हौसेने दोन मजली घर बांधले. मुलगी पुण्यात कोंढव्याला, मुलगा सौदीत. मुमानींना दमा आहे, मामूंना रक्तदाब. "शाळेत भूगोलाचा तासही तुझ्याकडेच, मग तूच सांग कुठे राहायचं," असे त्यांनी फोनवर सांगितले आणि आम्ही कामाला लागलो. औषधपाण्याचे डॉक्टरांनी सांगावे. हवेबद्दल जे जमले ते वाचकांपुढे ठेवतो, कारण मामूंसारखी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत मोठमोठी घरे कुलूप लावून मालकाच्या निवृत्तीची वाट पाहत उभी आहेत.

साहेब फक्त पावसाळ्यात यायचे

पुण्याच्या हवेचे नाव आजचे नाही. इंग्रजांच्या काळात मुंबई इलाख्याचा गव्हर्नर वर्षाचे महिने वाटून घेत असे. थंडीत मुंबई, एप्रिल-मे महिन्यांत महाबळेश्वर आणि पावसाळा लागला की पुणे. त्यासाठी गणेशखिंडीत मोठे निवासस्थान बांधले गेले. बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६४ साली त्याचे काम सुरू झाले आणि आज तीच सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. मुंबईचा दमट पावसाळा चुकवायचा आणि घाटाच्या कोरड्या बाजूला येऊन बसायचे, असा तो हिशेब होता.

हिशेब चुकीचा नव्हता. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे. नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्री चढताना आपले बहुतेक पाणी घाटमाथ्यावर सांडतात. त्यामुळे लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून ६५ किलोमीटरवरच्या पुण्यात साधारण ७०० ते ७५०. रत्नागिरीकडे हाच आकडा ३,००० च्या पुढे जातो. पुण्यातही पाऊस महिनाभर रिपरिपतो, कपडे वाळत नाहीत, पण भिंतीला हात लावला तर ओल येत नाही. कोकणातल्या माणसाला हा फरक सांगावा लागत नाही.

पुढे १९२८ साली देशाच्या हवामान खात्याचे मुख्यालयच शिमल्याहून पुण्याला आले आणि बरीच वर्षे येथे होते. शिवाजीनगरच्या त्या चौकाला पुणेकर अजून 'शिमला ऑफिस' म्हणतात. बसमधले निम्मे प्रवासी हे नाव का पडले ते जाणत नसतील. लष्करातले आणि सरकारी नोकरीतले लोक निवृत्तीनंतर येथे राहू लागले आणि 'पेन्शनरांचे पुणे' ही ओळख पक्की झाली.

यात दोन गोष्टी विसरल्या जातात. गव्हर्नर पुण्यात बारा महिने राहत नव्हता. मे महिन्यातल्या पुण्यापासून तो महाबळेश्वरला पळत होता. निवृत्त माणसाला मात्र एकाच घरात बारा महिने काढायचे असतात. दुसरे म्हणजे याच पुण्यात ३० एप्रिल १८९७ रोजी पारा ४३.३ अंशांवर गेला होता आणि १७ जानेवारी १९३५ रोजी १.७ अंशांपर्यंत उतरला होता. पुण्याची हवा बरी आहे हे खरे, पण ती दोन्ही टोकांना जाऊ शकते. तरुण माणूस दोन्ही टोके सोसतो. सत्तरीच्या माणसाचे तसे नसते.

टक्केवारीचा घोळ

मामूंनी पहिला प्रश्न विचारला तो आर्द्रतेचा. त्यांनी मोबाइलवर पाहिले होते. डिसेंबरच्या सकाळी पुण्यात आर्द्रता ८० टक्के, आणि मे महिन्याच्या दुपारी मुंबईत ६५ टक्के. "म्हणजे पुणे मुंबईपेक्षा दमट?" असा त्यांचा सवाल. हा घोळ अनेकांचा होतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

गरम हवा म्हणजे मोठे भांडे आणि थंड हवा म्हणजे लहान भांडे, असे समजा. भांडे किती भरले ते टक्केवारी सांगते, पाणी किती आहे ते सांगत नाही. पुण्यात डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांच्या हवेत ८० टक्के आर्द्रता असली, तरी एका घनमीटर हवेत पाण्याची वाफ साडेआठ ग्रॅमच्या आसपास असते. मुंबईत मे महिन्याच्या दुपारी ३३ अंशांच्या हवेत ६५ टक्के म्हणजे सुमारे २३ ग्रॅम. जवळजवळ पावणेतीन पट. तेव्हा दोन गावांची तुलना करायची तर नुसती टक्केवारी पाहू नये. हवामानाच्या अॅपवर 'दवबिंदू' नावाचा आकडा असतो, तो पाहावा. दवबिंदू १५-१६ अंशांच्या खाली असला की हवा कोरडी वाटते, २० च्या पुढे चिकचिक सुरू होते, २४-२५ ला अंगावरचा घाम वाळायचे नाव घेत नाही. पुण्यात एप्रिलच्या कोरड्या दुपारी पारा ३८ वर असताना दवबिंदू १०-११ असू शकतो. मुंबईच्या मे महिन्यात तो २५ च्या घरात असतो.

आठवीच्या वर्गात आम्ही यासाठी एक प्रयोग करतो. दोन साधे तापमापक घ्यायचे. एकाच्या फुग्याला मलमलची ओली चिंधी गुंडाळायची, तिचे टोक पाण्याच्या वाटीत सोडायचे आणि दोन्हींवर पुठ्ठ्याने वारा घालायचा. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ओला तापमापक कोरड्यापेक्षा १५ अंशांहूनही अधिक खाली येतो. मुले दरवर्षी थक्क होतात. मुंबईत किंवा रत्नागिरीत तोच फरक पाच-सहा अंशांचा निघेल. ओली चिंधी म्हणजे आपले घामेजलेले अंग. ते जितके थंड होईल तितकी हवा सुसह्य.

प्रयोग करायचा नसेल तर माठ पाहा. पुण्यात किंवा सोलापुरात उन्हाळ्यात माठातले पाणी गारेगार होते, कारण माठाच्या अंगातून पाझरलेले पाणी भराभर वाळते. कोकणात तोच माठ बाहेरून ओला राहतो आणि पाणी जेमतेम गार होते. कूलरचेही तसेच. पुण्यात मार्चपासून जून लागेपर्यंत कूलर उत्तम चालतो, समुद्रकाठी तो खोलीतला दमटपणा वाढवतो. म्हणजे कोकणात उकाडा टाळायचा तर एसी, आणि एसी म्हणजे वीजबिल आणि वीज असण्याची खात्री.

हवामान खातेसुद्धा सगळीकडे एकच पट्टी लावत नाही. उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांना सुरू होतो, समुद्रकाठी ३७ अंशांनाच. दमट हवेत कमी तापमानही माणसाला आडवे करते, हे त्यामागचे कारण. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला भर उन्हात मोठा कार्यक्रम झाला. उष्माघाताने १४ माणसे गेली, आणि त्या दिवशी पारा काही विदर्भासारखा ४५ वर नव्हता.

सत्तरीचे शरीर

येथवर ऐकून मामू म्हणाले, "मग कोरडी हवाच बरी, पुणे पक्कं." इतके सरळ नाही.

वय वाढले की तहान कमी लागते. शरीराला पाणी हवे असते, पण घशाला ते कळत नाही. घामही पूर्वीइतका लवकर सुटत नाही. दमट हवेत माणूस घामाने भिजतो, त्याला त्रास दिसतो, तो पंख्याखाली बसतो, पाणी मागतो. कोरड्या हवेत घाम आल्याआल्या उडून जातो, कपडा कोरडाच राहतो आणि पाणी कमी झाल्याचे चक्कर येईपर्यंत लक्षात येत नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात. ज्यांना त्या चालू आहेत त्यांनी उन्हाळ्याआधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्यावे. आपल्याकडे वडीलधारी माणसे 'तहान नाही' म्हणून तांब्या परत पाठवतात. त्यांना तहान लागण्याची वाट न पाहता तासा-दोन तासाने ग्लास हातात द्यावा लागतो. मात्र ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांचे प्रमाण डॉक्टरच ठरवतील.

दम्याचे गणित आणखी वेगळे. ओलसर घरात भिंतीला, गादीला, कपाटाच्या पाठीला बुरशी धरते, गाद्या-उशांतल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे वाढतात, आणि दोन्ही दमेकऱ्याचे शत्रू. या हिशेबाने कोकणातला पावसाळा मुमानींसाठी कठीण. पण थंड कोरडी हवा छातीत गेली की श्वासनलिका आवळतात, आणि पुण्याच्या डिसेंबर-जानेवारीत पहाटे १० अंशांच्या आसपास हवा असते. त्यात थंडीत जमिनीलगतची हवा थंड आणि वरची तुलनेने उबदार असे उलटे होते. भूगोलात याला तापमानाची विपरीतता म्हणतात. धूर वर जात नाही, खालीच तरंगत राहतो. गल्लीच्या टोकाला शेकोटी असो की कोणी पेटवलेला कचरा, तो धूर पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीतून आत येतो. थंडीत रक्तदाबही थोडा वर चढतो, ही मामूंची बाजू.

गुडघेदुखी दमट हवेत वाढते असे बहुतेक घरांत मानतात. अभ्यासकांचे मात्र यावर एकमत नाही. एवढ्यासाठी गाव बदलू नये, असे आम्हाला वाटते.

फजरच्या जमातीला पायी जाणाऱ्या बुजुर्गांनी एक लक्षात घ्यावे. जानेवारीत पुण्यात फजर होते ती दिवसातली सर्वात थंड वेळ. नाका-तोंडावर मफलर गुंडाळला तर छातीत जाणारी हवा थोडी उबदार होते. हा उपाय फुकट आहे आणि उपयोगी आहे. मशिदीत वुजूसाठी गरम पाणी असते का, जिने किती, कठडा आहे का, हे घर पाहायला जाल तेव्हाच पाहून घ्यावे.

रमजानचाही विचार करावा लागतो, कारण तो दरवर्षी १० ते ११ दिवस अलीकडे सरकतो. २०१८ साली रोजे मेच्या मध्यावर सुरू झाले होते, ते दिवस आठवतात. २०३० च्या सुमारास ते ऐन थंडीत येतील, तेव्हा रोजाही मे-जूनपेक्षा सुमारे दोन तासांनी लहान असेल. म्हणजे आज साठीला आलेल्यांना पुढची काही वर्षे पुण्यात रोजे सोपे जातील. त्यानंतर २०३६-३७ मध्ये रमजान ऑक्टोबरात येईल. पाऊस संपलेला, जमीन ओली, वर कडक ऊन. समुद्रकाठचा ऑक्टोबर म्हणजे दुसरा उन्हाळा, आणि तेव्हा साठीचे मामू सत्तरी ओलांडलेले असतील.

कुलूपबंद घर

आता गावच्या घराकडे येऊ. कोकणातली जुनी घरे तिथल्या हवेने बांधून घेतली होती असे म्हटले तरी चालेल. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वर कौले, पुढे-मागे पडवी, उंच माळा. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जायची, ओल धरली तरी वाळायची. आखाताचा पैसा आला तशी स्लॅबची घरे उभी राहिली. दिसायला माशाअल्लाह सुंदर. पण स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उष्णता खाली सोडतो, पावसात तो झिरपतो, म्हणून चार-पाच वर्षांत त्यावर पत्र्याची शेड घालावी लागते. आणि वर्षातले अकरा महिने घर बंद असेल तर आतली हवा हलत नाही. मामू सुट्टीला येऊन कपाट उघडत तेव्हा शेरवानीवर पांढरी बुरशी असे. मुमानी पहिले दोन दिवस खोकत. त्याचा दोष कोकणावर टाकता येणार नाही. बंद घर असेच होणार. माणसे राहू लागली, खिडक्या रोज उघडल्या, पावसाळ्यात गाद्या उन्हाची तिरीप येईल तेव्हा बाहेर काढल्या, तर तेच घर बरेच सुधारते.

एकाच तालुक्यातही फरक असतो. दापोली गावाला जुनी माणसे अजून 'कॅम्प दापोली' म्हणतात, कारण इंग्रजांची छावणी तिथे होती. ते उंचावर आहे, तिथे हिवाळ्यात चांगला गारवा असतो. मामूंचे घर खाडीकाठी, समुद्रसपाटीला. अंतर थोडे, पण खाडीकाठी रात्रीसुद्धा हवा ओली.

आणि खरा प्रश्न हवेपेक्षा हवा बिघडते तेव्हाचा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली पट्ट्यात नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. पुढच्याच वर्षी २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेले. तरुण घरात असतील तर माणसे यातून निभावतात. साठी-सत्तरीचे दोघेच असतील, एकाला नेब्युलायझरसाठी वीज हवी असेल आणि घाटात दरड कोसळली असेल, तर शुद्ध हवेचा काय उपयोग? मामूंच्या गावात सकाळ-संध्याकाळ बसणारे डॉक्टर आहेत. मोठ्या रुग्णालयासाठी डेरवण, नाहीतर मुंबई-पुणे.

थंड हवेचे ठिकाण म्हणून कोणी महाबळेश्वर-पाचगणीचे नाव काढतो. क्षयरोगावर औषध नव्हते तेव्हा डॉक्टर हवापालट सांगत आणि पाचगणीला त्यासाठी आरोग्यधाम होते. पण महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पावसाळ्यात घरे झाकून घ्यावी लागतात आणि आठवडा-आठवडा सूर्य दिसत नाही. मे महिन्यात चार दिवस राहून आलेल्याने तिथे घर घेऊ नये.

पुणे एक नाही

पुण्यात आल्यावर कोठे राहायचे हा प्रश्न पुणे की कोकण या प्रश्नाएवढाच मोठा आहे. हवामान खात्याच्या केंद्रांचे आकडे वर्तमानपत्रात येतात ते बारकाईने पाहावेत. हिवाळ्यात एकाच पहाटे पाषाण किंवा एनडीएकडे आणि मगरपट्टा-वडगाव शेरीकडे पाच-सहा अंशांचा फरक दिसतो. झाडे, टेकड्या आणि मोकळी जमीन असेल तिथे रात्र थंड होते. सिमेंटचे रस्ते, काचेच्या इमारती, एकाला एक लागून सोसायट्या असतील तिथे दिवसाची उष्णता रात्रभर टिकते. म्हणजे दमेकऱ्याला जानेवारीत बरे वाटणारा भाग मे महिन्यात रात्री झोपू देणार नाही.

शिवाय हवा निवडायला मोकळीक लागते आणि ती आपल्याला नेहमी मिळत नाही. घर पसंत पडावे, एजंटाने नाव विचारावे आणि दोन दिवसांनी 'जागा गेली' असा निरोप यावा, हा अनुभव अनेक वाचकांचा असेल. आमचाही आहे. त्यामुळे आपली निवड बहुधा कॅम्प, भवानी पेठ, गंज पेठ, हडपसरकडचे सय्यदनगर किंवा कोंढवा एवढ्यात फिरते. मशीद जवळ, हलाल गोश्त जवळ, नातेवाईक जवळ. हे सगळे चांगलेच आहे, म्हातारपणी ते लागतेही. पण दाट वस्तीत घरांना दोन बाजूंनी खिडक्या मिळणे कठीण, झाडे कमी, आणि कोंढव्यात बऱ्याच सोसायट्यांना उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढावे लागतात. टँकरची वाट पाहणाऱ्या घरात कूलरला पाणी कोण घालणार?

म्हणून मोहल्ला ठरला तरी इमारत आणि मजला जपून निवडावा. सर्वात वरचा मजला स्वस्त मिळतो तो उगाच नाही. त्याचा स्लॅब रात्री एक-दोन वाजेपर्यंत उष्णता ओकतो. घ्यावाच लागला तर गच्चीला पांढरा चुना लावण्याची सोसायटीची तयारी आहे का ते विचारावे, त्याने फरक पडतो. तळमजल्याला ओल आणि धूर. पहिला-दुसरा मजला, समोरासमोर दोन खिडक्या, आणि पश्चिमेची भिंत आख्खी उन्हात नको. पुण्यात उन्हाळ्याच्या संध्याकाळी पश्चिमेकडून वारा सुटतो, तेव्हा त्या बाजूला एक खिडकी असावी, पण तिला बाहेरून सावली हवी. न्हाणीघराला खिडकी असावी, म्हणजे ओल कोंडत नाही. लिफ्टला जनरेटर आहे का, हे जुन्या इमारतीत आवर्जून विचारा.

आणि जवळचा ओढा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले ते जुन्या पुणेकरांच्या बोलण्यात अजून येते. पण अलीकडचे पूर वेगळे आहेत. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने काही तासांत माणसे आणि गाड्या वाहून नेल्या, आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्याच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. वर्षाला ७००-७५० मिलिमीटर पावसाचे हे शहर, पण तो पाऊस एका रात्रीत कोसळला तर ओढ्याकाठचा तळमजला धोक्याचाच. कोरडी दिसणारी नाली पावसाळ्यात कशी असते, हे दलालाला विचारू नका. समोरच्या किराणा दुकानदाराला विचारा.

बारा महिन्यांची परीक्षा

हे सगळे मांडल्यावर मामू बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "गावाला बांधलेलं घर असं सोडून देऊ का?" त्यांच्या आयुष्याची कमाई त्या भिंतींत आहे, हे आम्हाला कळते. सोडा असे आम्ही म्हटलेही नाही. कोकणात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुरेख असते आणि पुण्यात तेच महिने दमेकऱ्याला जड. गव्हर्नरने जे सरकारी खर्चाने केले ते दोन घरे असलेल्या कुटुंबाला थोड्या प्रमाणात करता येते. थंडी गावी, उरलेले महिने मुलीजवळ. प्रवास झेपतो तोवर हा मार्ग चांगला. झेपेनासा झाला की एक घर निवडावे लागेल. तेव्हा निवड करायची ती औषधाचे दुकान, डॉक्टर आणि रात्री दोन वाजता दार ठोठावता येईल असा शेजारी पाहून.

ज्यांचे एकच घर होणार आहे त्यांनी विकत घेण्याआधी भाड्याने राहून पाहावे. शेवटी सुमारे तीन हजारांचा एक साधा तापमापक-आर्द्रतामापक घेण्याचीही गरज नाही. तीनशे-चारशे रुपयांचे डिजिटल यंत्र बाजारात मिळते, ते झोपायच्या खोलीत टांगावे आणि फजरला, दुपारी व झोपताना आकडे वहीत लिहावेत. शेजारच्या रकान्यात त्या दिवशी रक्तदाब किती, पंप किती वेळा लागला, झोप कशी झाली. ही वही डॉक्टरांना दाखवली तर त्यांनाही उपयोग होतो. मुमानींनी अशी वही सुरू केली आहे, अक्षर उर्दू आणि आकडे मराठी.

भाड्याचा करार आपल्याकडे बहुधा ११ महिन्यांचा असतो. तो मार्चपासून करावा. म्हणजे एप्रिल-मेचे ऊन, पावसाळा, ऑक्टोबरची उकड आणि डिसेंबर-जानेवारीची थंडी, सगळे त्यात येते. सुटतो तो फक्त फेब्रुवारी, आणि फेब्रुवारीत कोठेही बरेच वाटते. मामूंनी कोंढव्यात मुलीच्या घरापासून दोन इमारती सोडून, पहिल्या मजल्यावर, असाच करार केला आहे. गावच्या घराची किल्ली शेजारच्या चाचांकडे आहे. दर जुम्म्याला त्यांनी खिडक्या उघडायच्या आणि संध्याकाळी लावायच्या, असे ठरले आहे.